दौंडहून आणलेला बुधला

आमच्या घरात भांडी मी घासतो. आज हे असं सरळ लिहून टाकलं, पण मध्यंतरी बराच काळ ही गोष्ट घराबाहेर जाऊ नये म्हणून आम्ही नवराबायकोनं जेवढी काळजी घेतली, तेवढी लोक घरातल्या सोन्याचीसुद्धा घेत नसतील.

मी एस.टी.त कंडक्टर होतो. शिरूर डेपोतून निवृत्त झालो आणि तिथंच एका कॉलनीत बांधलेल्या तीन खोल्यांच्या घरात आम्ही दोघं निवांत राहायला लागलो. मुलगा चाकणला कंपनीत, त्याचं बिऱ्हाड तिकडंच. निवृत्त माणसाला घरात जागा शोधावी लागते. मी हॉलमध्ये बसलो की बायकोला झाडायचं असायचं, ओसरीत बसलो की तिला वाळवण घालायचं असायचं. अशात एके सकाळी ती न्हाणीत घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली.

प्लास्टर पडलं. स्वयंपाक कसाबसा जमायला लागला, कारण ती शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि मला फोडणीपासून कणकेपर्यंत हुकूम सोडायची. भांड्यांना मात्र बाई लावली. ती चार दिवस टिकली. बायको तिच्यामागं उभी राहून प्रत्येक ताट उजेडात धरून बघायची. पाचव्या दिवशी त्या बाईनं सांगितलं, "मावशी, एवढं बारीक बघायचं आसंल तर तुमीच घासा." आणि ती गेली ती गेलीच. मला तिचा राग आला नाही, मला बायकोचा आला. पण मोडल्या हाताच्या माणसावर रागवायची सोय नसते. मी बाह्या सरसावल्या आणि सिंकपाशी उभा राहिलो.

सुरुवातीला काय घासलं असेल ते देवाला ठाऊक. कुकरच्या झाकणाच्या खाचेत डाळ राहायची, कपांच्या कानांपाशी चहाचे डाग तसेच. बायको ते उजेडात धरून बघायची आणि काही न बोलता परत सिंकमध्ये ठेवायची. हळूहळू हात बसला. आधी कप, मग ताटं, तेलकट ते शेवटी, करपलेलं पातेलं गरम पाणी घालून बाजूला. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मला हे काम आवडायला लागलंय. सगळी नोकरी गर्दीत गेली. सुट्टे पैसे, भांडणं, खिडकीची जागा, उलट्या करणारी पोरं. इथं नळाखाली मी एकटा, कुणी धक्का देत नाही, आणि शेवटी भांडी पालथी घालून झाली की काम संपलेलं डोळ्यांना दिसतं. मला त्यात खरंच सुख वाटायचं.

प्लास्टर निघालं, पण मनगट पहिल्यासारखं झालं नाही. भरला कुकर तिला पेलेना, पातेल्याला जोर लावला की कळ खांद्यापर्यंत जायची. मी म्हटलं, भांडी इथून पुढं माझ्याकडं. ती कबूल झाली, पण अट घालून.

"घासा, पर कुणाला कळता कामा न्हाई," ती म्हणाली. "आन् आक्काला तर बिलकुल न्हाई."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मांडवगण फराट्याला दिलेली. आई सारखी दुसऱ्यांच्या रानात कामाला, म्हणून मला वाढवलं ते आक्कानं. वडगाव रासाईची ही मुलगी मला आक्कानंच पसंत केली, आणि लग्नाची हळद उतरायच्या आत तिला जवळ बसवून सांगितलं, "माझ्या भावाला कवा पान्याचा तांब्या उठून घ्यायला लावू नगंस." बायकोनं ते मनावर घेतलं. ड्युटीवरून मी कितीही उशिरा आलो तरी तांब्या हातात मिळायचा. आक्काही त्याला जागली. कुणाच्या लग्नात, जावळाला, चार बायका बसल्या की ती म्हणायची, "भावजय बघावी तर माझी." आमच्या भावकीत सुनांचं कौतुक करायची पद्धत नाही. त्यामुळं आक्काचा तो एक शब्द बायकोला फार मोलाचा होता. तो जाईल, ह्या धास्तीनं ती मला चोरून भांडी घासायला लावत होती. मला ते मुळीच पटत नव्हतं. मी काही चोरी करत नव्हतो. पण इतकी वर्षं तिनं माझं सगळं केलं, तेव्हा तिची एवढी एक गोष्ट ऐकायला माझी हरकत नव्हती.

मग आमची पद्धत ठरली. जेवणं झाली की ती बाहेर टीव्हीपुढं बसायची, मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचो. मी भांडी घासताना ती चुकूनही आत यायची नाही. "मला बघवत न्हाई," म्हणायची. दाराची कडी वाजली की मी हात पुसून पेपर उघडायचो आणि ती उठून सिंकपाशी उभी राहायची. पदर खोचून, ओला हात दाखवत दार उघडायला जायची. नाटक कंपनीत दोघांनाही काम मिळालं असतं.

ह्या सगळ्यात मला एकच त्रास होता, तो साबणाच्या बाटलीचा. आमच्याकडं घरोघरी असतं तेच आमच्यात होतं. भांड्यांच्या लिक्विडचं पाकीट आणायचं आणि ते कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतायचं. बाटलीच्या बुचाला तापलेल्या सुईनं भोक पाडायचं आणि पिचकारीसारखी दाबत बसायचं. ती बाटली ओल्या हातातून निसटायची, पडली की फुर्रकन फवारा उडायचा, भोक बुजलं की दाबून दाबून बोटं दुखायची. वर ती दिसायलाही दळभद्री. अर्ध्याच फाटलेल्या लेबलावर संत्र्याचं चित्र आणि आत हिरवं लिक्विड. बायकोला त्याचं काही नव्हतं. पण रोज दोन वेळा तिच्यासमोर उभं राहायचं ते मला. माणूस आपल्या गाडीच्या आरशाला गोंडा बांधतो, मग मी माझ्या सिंकपाशी एखादी देखणी वस्तू का ठेवू नये, असं माझ्या डोक्यात आलं आणि ते काही केल्या जाईना.

एका सकाळी मी पिशवी घेऊन बाजारपेठेत गेलो. भांड्यांच्या दुकानात काचेच्या कपाटात पातळ साबण भरून ठेवायचे देखणे बुधले ओळीनं मांडलेले मी येताजाता पाहिले होते. दुकानदारानं मला लांबूनच ओळखलं. शिरूरमध्ये मला कोण ओळखत नाही? अर्धा तालुका माझ्या गाडीतून कोर्टकचेरीला आणि बाजाराला आलेला.

"या मास्तर, काय पाहिजे?"

मी बोट दाखवलं. त्यानं बुधला काढला नाहीच. "आसं करा, वहिनींना घिऊन या संध्याकाळी," तो म्हणाला. "बायकांच्या वस्तू बायकांनीच पसंत कराव्यात. तुमी काहीबी न्याल आन् त्या परत पाठवतील." तेवढ्यात आमच्या कॉलनीतल्या दोन बायका स्टीलचे डबे बघायला आत आल्या. मी घाईघाईनं एक चहाची गाळणी घेतली आणि बाहेर पडलो. आमच्याकडं गाळण्या आधीच दोन होत्या.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "मी उद्या दौंडला जाऊन येतो."

"दौंडला काय हाय?"

"साबणाचा बुधला."

ती इतकी हसली की तिला मनगटाचाही विसर पडला. "अवो, साबनासाठी लोक दौंडला जात्यात व्हय?" मी म्हटलं, तिथं मला कुणी ओळखत नाही, निवांत बघून घेता येईल. त्यावर तिचं हसणं थांबलं. तिनं दुसऱ्या दिवशी मला पोळीभाजी बांधून दिली. पोळ्या लाटताना तिचा हात दुखला असणार, पण तिनं ते मला कळू दिलं नाही.

न्हावरा, चौफुला, पाटस. ज्या रस्त्यानं जन्मभर उभ्यानं गेलो त्याच रस्त्यानं खिडकीशी बसून गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच तोडीच्या बैलगाड्या, भीमेवरच्या पुलावर नेहमीसारखा गार वारा. कुठं कामाला चाललो नसून एक चैनीची वस्तू घ्यायला चाललोय, ह्या विचारानं मला शाळेला दांडी मारल्यासारखं वाटत होतं.

दौंडला स्टेशनकडच्या रस्त्यावर एक मोठं दुकान सापडलं. मालक पन्नाशीचा, गल्ल्यावर बसून पेपर वाचणारा. मी म्हटलं, सिंकपाशी ठेवायचा साबणाचा बुधला दाखवा. त्यानं काही न विचारता माझ्यापुढं सहासात नमुने मांडले. मग मी माझ्या मनाजोगता वेळ घेतला.

एक स्टीलचा होता, उंच आणि चकचकीत, पण तो दवाखान्यातल्या टेबलावर शोभला असता. एक प्लॅस्टिकचा, बदकाच्या आकाराचा, चोचीतून साबण येणारा. तो मी हातातही घेतला नाही. एक काचेचा होता, मधाच्या रंगाचा, सोनेरी पंप आणि उंच मान. तो बघून मी हरखलोच. उजेडात धरला तर आतून काय झळाळत होता. पण मी मनातल्या मनात एका हातात कढई धरली, दुसऱ्या हातात घासणी धरली, आणि मग पंप दाबायला तिसरा हात कुठून आणायचा, हा प्रश्न पडला. ओल्या हातानं धक्का लागला तर त्या उंच मानेसकट तो आडवा होणार, हेही दिसत होतं. मी तो खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. देखणेपणापायी माणूस किती वेळा वेडा होऊ शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

मग एका बाजूला तो दिसला. बुटका, पांढऱ्या चिनी मातीचा, अंगावर बारीक निळी वेल. बूड चांगलं रुंद. वर पंप नव्हताच, पितळी रंगाची एक खोलगट वाटी होती, तिला मध्ये बारीक भोक. मालकानं दाखवलं. घासणी त्या वाटीत ठेवायची आणि तिच्यासकट खाली दाबायचं, की साबण भोकातून वर येऊन घासणीत शिरतो. एका हाताचं काम. मी त्याच्याकडून कोरडी घासणी मागून घेतली आणि दाबून बघितलं. डाव्या हातानं बघितलं, उजव्या हातानं बघितलं. तो काउंटरवर सरकतो का तेही ढकलून बघितलं. वेलीवरून अंगठा फिरवला. रंग निघणारा नव्हता, आत भाजलेला होता.

मालक इतका वेळ बघत होता. त्यानं पेपर घडी करून ठेवला आणि विचारलं, "घरी भांडी तुम्हीच घासता काय?"

मी इकडंतिकडं पाहिलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "हो," मी म्हणालो, "रोज मीच घासतो."

"मग हाच न्या," तो म्हणाला आणि खोक्यात कागद कोंबायला लागला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. दोनच शब्दांची गोष्ट, पण ती बोलायला मला शिरूर तालुका ओलांडावा लागला होता.

येताना गाडीला आमच्याच डेपोचा तरुण कंडक्टर होता. मांडीवरचं खोकं बघून त्यानं विचारलंच, "काय नेताय मास्तर?" मी म्हणालो, फुलदाणी. घरी आल्यावर हे बायकोला सांगितलं, तेव्हापासून त्या बुधल्याला आमच्यात फुलदाणीच म्हणतात.

तिनं तो हातात घेऊन सगळीकडून पाहिला. "रंग चांगला हाय," म्हणाली. तिच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळच. रोज सकाळी ती फडक्यानं त्याच्या अंगावरचे शिंतोडे पुसायची, तो सरळ करून ठेवायची. वापरायची मात्र वेळ तिच्यावर आली नाही. ते खातं माझं होतं. भांडी घासायला मी उभा राहिलो की खिडकीतून उन्हाची तिरीप त्या निळ्या वेलीवर यायची आणि माझा हात जरा रेंगाळायचा. एखादी ताटली मी उगाच दोनदा घासायचो.

आणि मग मांडवगणहून भाच्याचा फोन आला. आक्काच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शिरूरला ठरलं होतं. डॉक्टरांना परत परत दाखवायचं होतं, तेव्हा आठवडाभर आक्का आमच्याकडं राहील का? असं विचारायचं असतं का? आक्का माझी आईच. मी म्हटलं, लगेच आणून सोड.

फोन ठेवला आणि बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "आठवडाभर भांडी मी घासणार. तुमी त्यांच्यापाशी बसायचं."

"तुझा हात?"

"हात माझा हाय. मी बघीन."

ह्यावर आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, आक्काला सांगून टाकू, ती काय आपल्याला खाणार आहे का? ती म्हणाली, तुमचं काय जातंय, तुमी भाऊ हाय. बोल लागायचा तो मला लागायचा. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी कबूल झालो.

ऑपरेशन नीट झालं. आक्का डोळ्याला पट्टी, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून काळा चष्मा, अशी आमच्या हॉलमधल्या दिवाणावर बसली. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. जन्मभर शेतात राबलेल्या बाईला ही शिक्षाच. मी तिच्यापाशी बसून गावाकडच्या गप्पा ऐकायचो आणि माझे कान स्वयंपाकघराकडं असायचे. पातेलं सिंकमध्ये आपटलं की मला कळायचं, हातातून सुटलं. मग नळ बंद व्हायचा आणि थोडा वेळ काहीच आवाज यायचा नाही. त्या वेळी ती मनगट दाबत उभी असणार, हे मला इथं बसून दिसायचं. आक्का उसाच्या बेण्याबद्दल काहीतरी विचारायची आणि मी भलतंच उत्तर द्यायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी चहा झाला. बसून बसून कंटाळलेली आक्का स्वतःची कपबशी घेऊन उठली. मी "आक्का, राहू दे" म्हणेपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचली. मी दारात येऊन उभा राहिलो. बायको साबणाच्या वडीवर घासणी घासत होती. माझा बुधला वापरायचा कसा हे तिला ठाऊक नव्हतं आणि मला विचारायला तिला कमीपणा वाटला होता, म्हणून दोन दिवस तिनं वडीवर भागवलं होतं.

आक्कानं चष्मा जरा वर केला. "हे काय गं? लई देखनं हाय."

"त्यात भांड्याचा साबन असतुय, आक्का. पातळ."

"मग त्यो सोडून तू वडी कशाला झिजवतीस? ह्याच्यातला काढ की. बघू तरी कसा येतुय."

बायकोनं बुधला उचलला. तो तिनं आधी हलवला. मग वरची वाटी पिळून पाहिली. ती फिरेना, तेव्हा तिनं तो घासणीवर सरळ उपडा केला. वाटी सुटली, साबण भळाभळा ओट्यावर सांडला, आणि तिच्या दुखऱ्या मनगटातून बुधला निसटला.

मी कसा पोचलो मला आठवत नाही. तो सिंकच्या काठावर आपटायच्या आत मी धरला होता. त्यानंतर जे झालं ते मी विचार करून केलं नाही. वाटी बसवली, घासणी तिच्यात ठेवून दाबली, आक्काच्या हातातली कपबशी घेतली, आधी कान, मग आतून, मग बूड, विसळली आणि पालथी घातली. मग बाजूचं पातेलं घेतलं. ते घासून झाल्यावर मला भान आलं की नळ चालू आहे आणि दोघी बघतायत. मी ओला हात घेऊन मागं वळलो. बायको भिंतीला टेकून उभी होती.

आक्का माझ्या हातांकडं बघत होती. "कवापासनं?" तिनं विचारलं.

"हिचा हात मोडला तवापासून," मी म्हणालो.

तिनं चष्मा परत खाली केला. भिंतीला धरत हॉलमध्ये गेली आणि दिवाणावर तोंड फिरवून आडवी झाली. बायकोनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती ओट्यावरचा सांडलेला साबण निपटत बसली. मला स्वतःचा राग आला, मग दोघींचा आला, मग एवढ्याशा गोष्टीवरून घरात सुतक आल्यासारखं व्हावं ह्याचा आला. मी उरलेली भांडी घासून टाकली. आता लपवायचं तरी काय होतं?

दिवेलागणीला आक्का उठली. बायकोनं देवापाशी दिवा लावला होता. आक्कानं तिला हाक मारून आपल्याजवळ बसवलं. मी खुर्चीत होतो. आता बोलणी बसणार, म्हणून मी जागच्या जागी सावरून बसलो.

"आमी वस्तीवर एकटं ऱ्हायचो, तुला ठावं हाय," आक्का तिला म्हणाली. "सासू न्हाई, जाऊ न्हाई. मी बाहेरची झाले की चार दिस चुलीला शिवायचं न्हाई. मग करायचं कुनी?"

बायको तिच्याकडं बघत राहिली. मीही.

"हेच करायचे," आक्का म्हणाली. "भाकरी थापायचे. जाड व्हायच्या, पर थापायचे. पहाटं कुनी रस्त्याला लागायच्या आत भांडी घासून आत ठिवायचे. मी पडवीत गोदडीवर बसलेली, आन् हे ताट आनून म्होरं ठिवायचे. म्हनायचे, जेव." तिनं काळा चष्मा काढून पदरानं गाल पुसला. डोळ्याला हात लावू नको, असं मी म्हणणार होतो, पण तेवढ्यात ती पुढं बोलायला लागली. "मी त्या चार दिसांची वाट बघायची. मला आयतं ताट दुसऱ्या कुनी कवा दिलंय?"

दाजींना मी ओळखत होतो असं मला वाटत होतं. उंच, मिशाळ, कमी बोलणारा माणूस. त्यांच्यापुढं आम्ही पोरं मान वर करायचो नाही. ते गेले तेव्हा दहाव्याला जमलेली माणसं म्हणत होती की बाबा लई कडक होता, बाईला आयुष्यभर धाकात ठेवलं. आक्का तिथंच बसली होती.

"तवा मी गप ऱ्हायले," ती म्हणाली. "बाईच्या हाताखाली ऱ्हायला, आसं लोक म्हनतील म्हनून मी कवा कुनाला सांगितलं न्हाई. उलट तुला त्या तांब्याचं शिकवलं. मानूस कसा हुता, ते गावाला कळलंच न्हाई."

बायको रडत होती. आक्कानं तिचा दुखरा हात हातात घेतला आणि मनगटाचं हाड सुजलंय का ते चाचपून बघितलं. मग म्हणाली, "ह्यो हात घिऊन दोन दिस माझी भांडी घासलीस व्हय? येडी हायस." आणि मग सगळं पहिल्यासारखं झालं. रात्रीची भांडी मी दार उघडं टाकून घासली. आक्का हॉलमधून सांगत होती की तिला दूध घातलेला चहा नको, कोरा हवा, आणि माझा मूड इतका चांगला होता की मी तोही करून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू आक्काला बघायला आल्या. बरोबर उपम्याचा डबा. गप्पा झाल्या, डोळ्याची चौकशी झाली, चहा झाला. आमच्याकडं पाहुणीबाई स्वतःचा कप घेऊन आत जाते, निदान जायला निघते तरी. तशा काकू उठल्या.

"ऱ्हाऊ द्या काकू तिथंच," बायको म्हणाली. "आमच्यात भांडी हे घासत्यात."

काकू उभ्याच राहिल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि मग आता ही म्हातारी काय म्हणते अशा नजरेनं आक्काकडं पाहिलं. आक्कानं कप खाली ठेवला. पाठ सरळ केली.

"आमचं मालकबी घासायचे," ती म्हणाली. "लई चांगली घासायचे."

दाजींना जाऊन किती वर्षं झाली होती. आदल्या संध्याकाळपर्यंत आक्काच्या तोंडून त्यांचं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं, आणि आता ती ते एका परक्या बाईला सांगत होती. तिघींचे कप गोळा करून मी आत गेलो.